साताऱ्याचा ईहा

दिवाळीच्या पणत्या लागल्या की भातशेतीच्या मुलखात दिव्याभोवती हिरव्या तुडतुड्यांचा मेळा भरतो. ठाण्या-रायगडच्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. भात पोटरीतून बाहेर पडलेले असते, हवा किंचित गार झालेली असते, आणि शेतातले हे इवलेसे पाहुणे आमंत्रणाची वाट न पाहता रांगोळीवर, फराळाच्या ताटात, क्वचित कानातही येऊन दाखल होतात. घरातली वडील बाई दिव्याखाली पाण्याची परात ठेवते. सकाळी परातीतले पाणी हिरवे झालेले दिसते, आणि ते अंगणाबाहेर ओतले की विषय संपतो. कीटकांशी आपला संबंध बहुधा एवढाच. चावला तर मारावा, दिव्यावर आला तर बुडवावा, धान्यात पडला तर चाळून टाकावा. कःपदार्थ जीव म्हणायचा असला की आपण 'किडामुंगी' म्हणतो, आणि वळवळणारी अळी दिसली की झाडू शोधतो.

या किडामुंगीकडे आयुष्यभर टक लावून पाहणारा, पाहिलेले हसत हसत लिहून ठेवणारा आणि त्या पाहण्यातून एक मोठी संस्था उभी करण्यास हातभार लावणारा एक माणूस आपल्या साताऱ्यात जन्मला होता. तो मराठी नव्हता. त्याचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. पुस्तकांवर मात्र तो पूर्ण नाव घालीत नसे. ई, एच, ए ही तीन आद्याक्षरे जुळवून त्याने 'ईहा' हे नाव धारण केले, आणि याच नावाने तो इंग्रजी वाचकांना ठाऊक झाला. संस्कृतात ईहा म्हणजे इच्छा, हव्यास, धडपड. योगायोगाने पडलेले हे नाव त्या माणसाला इतके शोभले की ते कोणा शास्त्रीबुवांनी पाहून ठेवले असावे असे वाटते.

ईहाचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ चा. वडील रेव्हरंड जेम्स एटकिन हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. त्या काळी गोऱ्या लोकांची मुले सहासात वर्षांची झाली की बोटीत बसवून विलायतेस रवाना होत. या मुलाचे शिक्षण मात्र इकडेच, वडिलांच्या हाताखाली झाले. बायबल त्याला तोंडपाठ. त्यातली माणसे पुढे त्याच्या लेखनात बेडूक, कावळे आणि वाळवी यांच्या शेजारी येऊन बसतात. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत त्याने पहिला क्रमांक मिळवला आणि १८७० ते १८७६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले.

हा काळ मराठी वाचकाने क्षणभर डोळ्यांपुढे आणावा असा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७२ साली याच कॉलेजातून बी. ए. झाले आणि १८७४ च्या आरंभी त्यांची 'निबंधमाला' निघाली. बळवंतराव टिळक त्याच दशकात तेथे विद्यार्थी होते. म्हणजे मराठी निबंध जेथे बाळसे धरीत होता, त्याच आवारात पंचविशीच्या आतबाहेरचा एक स्कॉच तरुण लॅटिनचे धडे देत होता. पुढे त्यानेही निबंधच लिहिले. फक्त त्याचे विषय सहा पायांचे होते.

मुंबई-पुणे रेल्वे बोरघाटातून सुरू झाली १८६३ साली. मुंबईची परीक्षा आणि पुण्याची नोकरी असणारा माणूस याच मार्गाने जाणार, म्हणजे त्याची गाडी आमच्या बदलापुरावरून धडधडत गेलेली असणार. मी बदलापुरात मांजर्लीला राहतो. एका बाजूला उल्हास नदी, दुसरीकडे लोहमार्ग. आज येथे इमारतींची दाटी झाली आहे. त्या काळी गाडीच्या खिडकीतून भातखाचरे, पळसाची झाडे आणि वारुळे यांखेरीज फारसे काही दिसत नसेल. बाकीच्या उतारूंना हा कंटाळवाणा टापू वाटला असेल. ईहाला तसा वाटला नसेल, असे त्याची पुस्तके वाचून मी खुशाल म्हणतो.

*

एप्रिल १८७६ मध्ये तो मुंबई सरकारच्या कस्टम्स आणि मीठ खात्यात दाखल झाला. लॅटिनचा मास्तर मिठाच्या राशी मोजू लागला! त्याची एक नेमणूक झाली कच्छच्या छोट्या रणाच्या काठी, खारघोडा येथे. जमिनीखालचे खारे पाणी विहिरीतून उपसायचे, वाफ्यांत सोडायचे, उन्हाने ते आटू द्यायचे आणि तळाशी बसलेले मीठ गोळा करायचे, हा तिथला उद्योग. झाड औषधालाही नाही. उन्हाळ्यात धुळीची वादळे, चार महिने पावसाने वेढलेला मुलूख, बोलायला माणूस नाही. अशा जागी बदली झालेला साहेब साधारणतः पत्ते खेळे, दारू पिई, किंवा बदलीचे अर्ज खरडत बसे. ईहाने बंगल्यातली जनगणना आरंभली.

बंगला एका साहेबाचा असे सरकारी दप्तर सांगत होते. पण ईहा हिशेब मांडू लागला तेव्हा छपरात उंदीर आणि वटवाघळे, तुळयांत वाळवी, भिंतीवर पाली, कुलपाच्या भोकात मातीचे घर बांधणारी माशी, साखरेच्या भांड्याभोवती मुंग्या, न्हाणीघरात बेडूक, खिडकीत कावळा आणि या सर्वांच्या वर डासांचे राज्य, अशी खरी वस्ती निघाली. तो एकटा अल्पसंख्य. या वस्तीवर त्याने लेख लिहिले आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'ने ते छापले. १८८३ साली त्यांचे पुस्तक झाले: 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर'. खारघोड्याला त्यात त्याने 'डस्टीपोर' म्हटले आहे. आपण धुळापूर म्हणू.

पुस्तकाच्या नावातली गंमत समजायला त्या वेळचे राजकारण आठवावे लागते. १८७८ ते १८८० या काळात दुसरे अफगाण युद्ध होऊन गेले होते. सरहद्दीवरच्या टोळ्यांशी सरकारने कोणते धोरण ठेवावे, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरत होते. ईहाने गंभीर चेहऱ्याने सांगितले की माझ्याही सरहद्दीवर टोळ्या आहेत, आणि माझेही परराष्ट्रधोरण आहे. पुस्तकाच्या उपनावात तसे स्पष्ट छापलेच. कोणत्या टोळीशी तह करावा, कोणाला खंडणी द्यावी, कोणाचा बीमोड करावा, याची चर्चा तो एखाद्या मुत्सद्द्याच्या थाटात करतो. पानापानातून लक्षात येते ते असे की ज्याच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही त्या साहेबाच्या बंगल्यात साहेबाचे कोणीच ऐकत नाही. वाळवी त्याची सरकारी कागदपत्रे खाते, आणि डास त्याला राणीच्या मुलखात सुखाने झोपू देत नाही.

विनोद बाजूला ठेवून पाहिले तर त्यात कसदार निरीक्षण आहे. प्रत्येक प्राण्याला स्वतःचा धंदा, स्वतःची शिस्त आणि स्वतःची लहर असते, हे तो दाखवतो. मुंगीवर नीतिपाठ रचणारे लेखक तेव्हाही पुष्कळ होते. मुंगी खरोखर काय करते ते पाहायला जमिनीवर पालथे पडणारे थोडे. ईहा त्या थोड्यांतला होता.

*

येथे आपल्या घरचे एक उदाहरण घेतो, म्हणजे या पाहण्याचे महत्त्व ध्यानात येईल.

आपल्याकडे भृंगकीटकन्याय प्रसिद्ध आहे. कुंभारीण नावाची माशी भिंतीवर मातीचे घर करते, एक अळी आणून त्यात कोंडते आणि तोंड लिंपून टाकते. आतली अळी भयाने त्या माशीचेच ध्यान करीत राहते, आणि ध्यान करता करता स्वतःच माशी होऊन बाहेर पडते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत ही माशी आहे. त्याच स्कंधावर नाथांनी एकनाथी भागवत रचले. त्यामुळे कुंभारीण मराठी घराघरात पोहोचली. पतंग, मधमाशी आणि कोळी हेही त्याच गुरुमंडळात बसलेले आहेत. कीटकाला गुरू मानणारी परंपरा आपली आहे, ही अभिमानाची गोष्ट. शिवाय या दृष्टांतात जे डोळ्यांनी पाहिले ते अक्षरशः खरे आहे. माशी अळी आणते, घर लिंपते, आणि काही दिवसांनी त्या घरातून माशी बाहेर येते. पाहणारा चुकला नाही. बंद घराच्या आत काय घडले, एवढे मात्र त्याने घर फोडून पाहिले नाही.

घर फोडून पाहिले ते फ्रान्समधल्या झां आंरी फाब्र या शाळामास्तराने, आणि त्याच्यासारख्या काही चिकट माणसांनी. फाब्रच्या कीटकविषयक आठवणींचा पहिला खंड १८७९ साली निघाला. पुढे १९०७ पर्यंत दहा खंड झाले. त्याने दाखवले की अशा शिकारी माशा भक्ष्याला नांगी मारतात ती ठार करण्यासाठी नव्हे, लुळे करण्यासाठी. लुळे भक्ष्य कुजत नाही, ताजे राहते. माशी त्याच्यासोबत आपले एक अंडे घालते आणि दार बंद करते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती शिदोरी खाऊन वाढते, कोष करते आणि पंख फुटल्यावर भिंत पोखरून बाहेर पडते. आपल्या घरातल्या कुंभारणींपैकी काही जणी अळ्या आणतात, काही कोळी आणतात. पण स्वयंपाकघर सगळ्यांचे एकाच तऱ्हेचे. कोंडलेल्या अळीची माशी होत नाही. माशीच्याच लेकराची माशी होते, आणि तिच्या आईने मरण्यापूर्वी त्याच्या जेवणाची तजवीज केलेली असते.

यामुळे नाथांचा दृष्टांत उणा होत नाही. ज्याचे ध्यान करावे तसे व्हावे, हे माणसाच्या बाबतीत पुष्कळदा खरेच असते. पण अळीच्या बाबतीत काय खरे, हे अळीलाच विचारावे लागते. ईहाची जात ही अशी विचारणाऱ्यांची. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि त्यांच्या मातीकाम करणाऱ्या बहिणी यांच्यावर त्याच्या पहिल्याच पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण आहे.

*

१८८३ हे साल ईहाच्या आयुष्यात तिहेरी भाग्याचे. त्याच वर्षी त्याचे लग्न झाले, त्याच वर्षी पुस्तक निघाले, आणि १५ सप्टेंबर १८८३ या दिवशी मुंबईत आठ गृहस्थांनी एकत्र जमून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. निसर्गात पाहिलेले एकमेकांना सांगावे, जमवलेले नमुने दाखवावेत, असा साधा हेतू. सुरुवातीच्या सभा भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये होत; त्यालाच १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. ईहा या सोसायटीचा पहिला मानद चिटणीस झाला.

त्या आठांपैकी सहा गोरे होते आणि दोघे आपले. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, प्रार्थना समाजाचे संस्थापक. १८७८ साली तरुण रवींद्रनाथ ठाकूर मुंबईत ज्यांच्या घरी राहून इंग्रजी बोलण्याचा सराव करीत होते, ते हेच घर. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे. मुंबईकडच्या औषधी वनस्पतींवर त्यांचे पुस्तक १८७९ साली निघाले होते. रखमाबाईंचे ते सावत्र वडील. नको असलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही असे कोर्टात सांगणारी आणि पुढे डॉक्टर होणारी ती मुलगी त्यांच्याच घरात वाढली. खटला १८८४ साली उभा राहिला आणि १८८५ साली सखाराम अर्जुन वारले. सोसायटीच्या कामासाठी त्यांना जेमतेम दीड-दोन वर्षे मिळाली.

ही दोन नावे मी मुद्दाम सांगितली. निसर्गाचा अभ्यास हा साहेबांचा रिकामपणचा षोक, असे आपल्याकडे अजून काही लोक समजतात. पण धर्म सुधारू पाहणारा एक मराठी डॉक्टर आणि घरच्या मुलीच्या पाठीशी उभा राहणारा दुसरा मराठी डॉक्टर, यांना संध्याकाळी वेळ काढून फुलपाखरे आणि साप यांच्याविषयी बोलावेसे वाटले. रूढी म्हणते म्हणून मानायचे नाही, पाहून ठरवायचे, ही सवय एकदा लागली की ती घरात एक आणि रानात दुसरी राहत नसते.

सोसायटी पुढे फोर्ब्स स्ट्रीटवर फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्या सद्गृहस्थाच्या जागेत गेली. जानेवारी १८८६ मध्ये तिचे नियतकालिक निघाले. त्याच्या पहिल्या संपादकांत स्टर्नडेल यांच्याबरोबर ईहा होता. ते नियतकालिक आजही निघते.

*

ईहाच्या शास्त्रीय कामाचा सर्वांत भरीव भाग कारवारचा. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. सह्याद्री तेथे समुद्राच्या अगदी जवळ येतो, आणि पावसाळा संपता संपता ते रान फुलपाखरांनी भरून जाते. गोव्याच्या सरहद्दीवर कस्टम्सची नाकी होती, त्यामुळे ईहाची तेथे नेमणूक झाली. कलेक्टर डेव्हिडसन आणि जंगलखात्यातले टी. आर. बेल असे दोन समानधर्मी त्याला मिळाले. एक महसूल गोळा करणारा, एक जंगल राखणारा, एक मिठावर नजर ठेवणारा. आणि तिघेही कचेरी सुटली की अळ्या शोधायला बाहेर पडणारे!

यात विशेष ते काय, असे वाचक विचारील. त्या वेळेपर्यंत फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे जाळ्यात धरायचे, टाचणीवर टोचायचे, आणि लंडनला पाठवून नाव ठेवून घ्यायचे. नाव मिळे, चरित्र मिळत नसे. लग्नाच्या दिवशीचा फोटो पाहून माणसाचे आयुष्य कळत नाही, तसेच ते. या तिघांनी उलट्या टोकापासून सुरुवात केली. अंडी शोधायची, अळ्या घरी आणायच्या, कोणती अळी कोणत्या झाडाचा पाला खाते ते टिपायचे, ती कितीदा कात टाकते, कोष कोठे आणि कसा करते ते पाहायचे, आणि शेवटी कोणते फुलपाखरू निघते त्याची वाट पाहायची. १८९० साली या विषयावरची टिपणे सोसायटीच्या नियतकालिकात येऊ लागली, आणि १८९६ पासून तिघांच्या नावाने उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांची लेखमाला छापली गेली. बेल हा त्यांतला सर्वांत चिवट. १९०९ पासून १९२७ पर्यंत तो सपाटीवरच्या सामान्य फुलपाखरांवर लिहीत होता, आणि निवृत्तीनंतरही कारवारातच राहून १९४८ साली तेथेच वारला.

ज्याला आपण पाखरू म्हणतो ते त्या जिवाचे शेवटचे थोडे दिवस; बाकीचे आयुष्य पाल्यावर गेलेले असते. तो पाला ठरलेला असतो. रुईवरची अळी लिंबावर उपाशी मरेल, आणि लिंबावरची रुईवर. आंब्यावरचे बांडगूळ आपल्याला शत्रू वाटते, पण पिवळ्यालाल रंगाचे एक देखणे फुलपाखरू त्या बांडगुळावरच वाढते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जे निवडले, ते काळेनिळे 'राणी पाकोळी' लिंबाच्या गोतावळ्यातल्या झाडांवर वाढते. झाड गेले की फुलपाखरू जाते. फुले कितीही लावा. आमच्या मांजर्लीत खाचरे बुजली, बांधावरची रुई आणि करवंदीची जाळी गेली, आणि सोसायट्यांच्या दारात शोभेची झाडे आली. त्यांच्या फुलांवर फुलपाखरे क्वचित येतात, क्षणभर टेकतात आणि निघून जातात. अंडी घालण्यासाठी त्यांना तेथे पान सापडत नाही. हा अर्थ मला कारवारच्या त्या तिघांमुळे कळला.

कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात त्या तांबड्या मुंग्यांवरही ईहाने लिहिले आहे. त्यांच्या घरट्यांविषयीचे त्याचे टिपण १८९० सालचे. आंब्याच्या झाडावर पाने जोडून केलेला त्यांचा गोळा सर्वांनी पाहिलेला असतो, आणि त्याचा प्रसादही पुष्कळांनी घेतलेला असतो. त्या घराचे शिवणकाम मोठे विलक्षण. काही मुंग्या पायांनी आणि दातांनी दोन पानांच्या कडा ओढून धरतात. दुसऱ्या मुंग्या आपली लेकरे तोंडात धरून आणतात आणि त्यांचे तोंड या कडेला, त्या कडेला टेकवत जातात. लेकराच्या तोंडातून रेशीम निघते आणि पाने शिवली जातात. मोठ्या मुंगीला सूत काढता येत नाही. ते फक्त बाळांपाशी असते. घर बांधायला बाळांनी सूत पुरवायचे आणि त्याच घरात मग निवांत वाढायचे, असा हा संसार.

*

आता एक अवघड गोष्ट. ईहाचे दुसरे गाजलेले पुस्तक 'बिहाइंड द बंगलो', १८८९ सालचे. त्याचा विषय बंगल्यामागे राहणारे नोकरचाकर: बटलर, हमाल, माळी, धोबी, आया. भाषा तीच खुसखुशीत, नजर तीच बारीक. साहेबलोकांनी ते डोक्यावर घेतले. पण आज मराठी माणूस ते वाचतो तेव्हा हसता हसता मध्येच त्याचे हसू आवरते. मुंगीविषयी लिहिताना, हिच्या मनात काय आहे हे मला कळत नाही, असे गृहीत धरून जो माणूस पाहत होता, तोच माळ्याविषयी लिहिताना सगळे कळल्याच्या थाटात लिहितो. त्या माळ्याला घरी किती तोंडे आहेत, त्याच्या ताटातल्या मिठावर सरकारचा कर किती आहे, हे विचारण्याचे त्याला सुचत नाही. आणि मिठाचा कर तर त्याच्याच खात्याचा! पुढे १९३० साली याच मिठावरून सारा देश उठला. ईहाला तो दिवस पाहण्याचा प्रसंग आला नाही.

हा दोष मी लपवत नाही. लहान जिवाकडे प्रेमाने पाहणारी दृष्टी जवळच्या माणसाला पारखी होऊ शकते, हे त्याच्या चरित्रातून शिकण्यासारखे आहे, आणि ते फक्त साहेबांनीच शिकण्यासारखे आहे असे नाही. आपल्याही घरी कोणी भांडी घासते आणि कोणी जिना झाडते. परंतु त्याच चरित्रात एक दुसरे प्रकरणही आहे, आणि तेही सांगणे न्यायाचे.

१८८३ च्या पुस्तकात डासांवर एक प्रकरण आहे. तेव्हा डास म्हणजे झोपमोड करणारा एक उपद्व्यापी प्राणी, एवढीच त्याची कीर्ती होती. हिवताप दलदलीच्या दूषित हवेने होतो असे डॉक्टरही मानीत. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, आणि विनोदाचा विषय एकाएकी जीवनमरणाचा झाला. गोव्याच्या सरहद्दीवरच्या नाक्यांवर मीठखात्याचे शिपाई पहारा करीत. रानातली, ओढ्याकाठची ठाणी ती. शिपाई तापाने फणफणत. १९०२ साली सरकारने ईहाला खास कामगिरीवर तेथे पाठवले: या नाक्यांवर हिवताप किती आहे ते पाहा, आणि या शिपायांना त्यातून वाचवण्याचा उपाय सुचवा. पन्नाशी ओलांडलेला ईहा ओढ्याओढ्यांतून डासांच्या अळ्या शोधत हिंडला. ज्या नजरेने त्याने कारवारात फुलपाखरांच्या अळ्या पाहिल्या होत्या, तीच नजर आता शिपायांच्या कामी आली. या फिरतीत त्याला ॲनोफिलीस जातीचा एक डास सापडला. मेजर जेम्स या लष्करी डॉक्टरने तो तपासला; जात नवी निघाली, आणि तिला 'ॲनोफिलीस एटकेनी' हे नाव मिळाले.

फुलपाखरांवर इतका जीव लावलेल्या माणसाचे नाव डासाला मिळाले! ईहाला यात काय विनोद दिसला असेल याची कल्पना करावी. समाधानाची गोष्ट अशी की हा एटकेनी रानातल्या ओढ्यांत वाढणारा, माणसाच्या वस्तीपासून दूर राहणारा डास आहे. हिवताप पसरवणाऱ्या मुख्य डासांत त्याची गणना होत नाही.

*

मे १९०३ मध्ये ईहा कराचीला मोठ्या हुद्द्यावर गेला. १९०५ च्या नोव्हेंबरात सिंध प्रांताच्या गॅझेटियरचे काम त्याच्याकडे आले, आणि ऑगस्ट १९०६ मध्ये तो निवृत्त झाला. एप्रिल १९०९ मध्ये एडिंबरोला त्याचा अंत झाला. आयुष्याची अठ्ठावन्न वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीची, म्हणजे १९०८ ची एक हकीगत येथे सांगितली पाहिजे. मुंबईतला बारा वर्षांचा एक मुलगा आपण मारलेली एक चिमणी कागदात गुंडाळून सोसायटीच्या कचेरीत आला. चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती हे त्याला विचारायचे होते. चिटणीस मिलार्ड यांनी मुलाला हाकलून दिले नाही. त्यांनी पक्षी ओळखून दिला, सोसायटीचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. त्या पुस्तकांत मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरचे ईहाचे, १९०० सालचे पुस्तक होते. तो मुलगा म्हणजे सालिम अली. ईहाची पुस्तके आपण पुढे जन्मभर पुन्हा पुन्हा वाचली, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. दोघांची भेट झाल्याचे कोठे दिसत नाही, पण पुस्तकाने भेटीचे काम केले.

दिवाळीची सुट्टी मुलांच्या हाती आहेच, म्हणून शेवटी एक सोपा उद्योग सुचवतो. कुंडीत लिंबाचे किंवा कढीलिंबाचे झाड असेल तर त्याची कोवळी पाने उलटसुलट करून पाहावीत. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, काळीपांढरी, ओशट अळी दिसली तर ती झटकू नये. तशी दिसण्यातच तिचा बचाव आहे. तोंडाला जाळीचे कापड बांधलेल्या बरणीत तिला डहाळीसकट ठेवावे आणि रोज ताजा पाला द्यावा. ती कात टाकत टाकत एके दिवशी पोपटी होईल. तिला बोट लावले तर डोक्यामागून केशरी रंगाची दोन शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडील. मुलांना हे फार आवडते, पण दिवसातून एकदाच करावे. मग ती खाणे सोडील, काडीला रेशमाचा पट्टा बांधून तिला टेकेल आणि कोष होईल. अंड्यापासून पंखांपर्यंत सगळे मिळून तीन-चार आठवड्यांचे काम. पाखरू बहुधा सकाळी निघते. पंख वाळेपर्यंत त्याला हात लावू नये, आणि बरणी खिडकीत नेऊन झाकण काढावे.

मुलांनी या सगळ्याची तारीखवार टिपणे एका वहीत ठेवावीत. कोणता पाला, किती दिवस, कात कितीदा. कारवारच्या त्या तिघांनी याहून वेगळे काही केले नव्हते.